पिवळ्या टोपीच्या मागे

मूल आरडाओरडा करत असेल तर मी वळूनही बघत नाही. घर शांत झालं की मात्र हातातली पोळी तशीच टाकून धावते. शांत मूल म्हणजे काहीतरी चाललंय. मुलं सांभाळायच्या कामातली माझी अक्कल एवढीच. बाकी सगळं ज्या घरी काम धरलं त्या घरच्या बाईने शिकवलं, आणि प्रत्येकीने वेगळं शिकवलं. एक म्हणायची, मातीत हात घालू देऊ नका. दुसरी म्हणायची, मातीत खेळू दे, डॉक्टरांनी सांगितलंय. मी दोघींना हो म्हणायचे. या कामात हो फार म्हणावं लागतं.

बाहेरच्यांना वाटतं की लोक आपलं मूल बाईकडे सोपवतात म्हणजे तिच्यावर भरवसा ठेवतात. तसं नसतं. मूल सोपवतात आणि मग दिवसभर संशय घेतात. त्यात त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. माझी संगीता जावेकडे ठेवून मी मुंबईला कामाला आले तेव्हा मीही जावेवर संशय घेतच होते. पोरीच्या वाटणीचं दूध स्वतःच्या पोराला देत असेल का, हा विचार लोकांच्या मुलांना दूध पाजताना माझ्या डोक्यात असायचा.

मेधाताईंकडे मी लागले तेव्हा त्यांची इरा रांगत होती. साहेब बँकेत कॉम्प्युटरचं काम बघायचे. पुढे त्यांची बदली जपानला झाली आणि ताई म्हणाल्या, "हौसामावशी, तुम्ही आला नाहीत तर मला इराला धरून घरी बसावं लागेल." मी हो म्हटलं. विमानात बसेपर्यंत मला वाटत होतं की हे लोक ऐन वेळी मला खाली उतरवतील.

तोक्योत आम्ही हिगाशी-कसाईला राहायचो. त्या वर्षांत तिथे कॉम्प्युटरवाली आपली माणसं भराभर येत होती. लिफ्टमध्ये हिंगाचा वास आला की समजायचं, आणखी एक बिऱ्हाड आलं. ताईंनाही सहा महिन्यांत एका कंपनीत नोकरी लागली. मग साहेबांनी टीव्हीच्या कपाटावर चेंडूएवढा कॅमेरा बसवला. ऑफिसात बसून त्यांना आमचा हॉल दिसायचा.

"मावशी, हे तुमच्यासाठी नाही हं, इरासाठी," ते म्हणाले.

"बरं," मी म्हटलं, आणि त्या दिवसापासून हॉलमधून जाताना पदर सारखा करायला लागले.

एकदा भरदुपारी फोन वाजला. "मावशी, इरा खुर्चीवर चढतेय."

"मी इथेच आहे, साहेब."

"दिसताय तुम्ही. पण तिचा हात धरा ना."

मी हात धरला. इराने तो झटकला आणि त्या झटक्यात खुर्चीवरून पडली. पुन्हा फोन वाजला. मी उचललाच नाही. इराला मांडीवर घेऊन कॅमेऱ्याला पाठ करून बसले.

त्या घरात टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला स्पंज चिकटवलेला होता. बाल्कनीला दोन कुलुपं होती. माझा पासपोर्ट आणि परदेशी माणसाला मिळतं ते ओळखीचं कार्ड, दोन्ही ताईंच्या कपाटात बंद. "तुमच्याकडून हरवलं तर केवढं लफडं होईल," त्या म्हणायच्या. ते खरंही होतं. सगळं खरंच असायचं, म्हणून काही बोलता यायचं नाही.

इराला तिथल्याच सरकारी शाळेत घातलं. पहिलीच्या मुलांना पिवळी टोपी असते, पाठीवर त्यांच्यापेक्षा मोठं कडक दप्तर, आणि दप्तराच्या पट्ट्याला एक छोटा बझर लटकवलेला. कुणी त्रास दिला तर दोरी ओढायची, मग तो असा किंचाळतो की सगळी गल्ली गोळा होते. वाटेतल्या काही दुकानांच्या आणि घरांच्या दारांवर चित्र चिकटवलेलं असे. त्या दारात मूल शिरलं की घरची माणसं त्याला थारा देणार. आणि एवढं सगळं करून शाळेचा नियम असा, की मुलांनी आपल्या पायांनी, एकट्याने किंवा सोबत्यांबरोबर यायचं. आईबापांनी पोहोचवायला यायचं नाही.

मला या देशाचं काही पटेना. सरकत्या जिन्यावर पाय ठेवला की एक बाई गोड आवाजात सांगते, पाय सांभाळा, कडेला उभं राहू नका. आमच्या समोरच्या बागेत लोखंडी झोका होता, त्याला एक दिवस दोरी बांधली, मग जाळी लावली, मग तो काढूनच नेला. कुणी पडेल म्हणून. एवढं घाबरणारे लोक सहा वर्षांचं पोर रस्त्यावर एकटं सोडतात, म्हणजे कुठेतरी काहीतरी लपवताहेत, असं मला वाटायचं. धोका नाही म्हणता, मग पोरांच्या दप्तराला बझर कशाला? आणि धोका आहे, तर आईला घरी का बसवता?

पहिले काही दिवस आईला कोपऱ्यापर्यंत सोडायची मुभा होती. ती संपली त्या संध्याकाळी ताई माझ्याजवळ स्वयंपाकघरात आल्या.

"मावशी, उद्यापासून तुम्ही तिच्या मागे जायचं. तिला कळता कामा नये."

"शाळेने नको म्हटलंय ना?"

"आईवडिलांना नको म्हटलंय. तुम्ही थोड्याच आई आहात?"

मी हो म्हटलं. ताईंनी मला आपला जुना करडा कोट दिला, कान झाकणारी टोपी दिली आणि तोंडाला लावायची पांढरी पट्टी दिली. तिथे सर्दी झाली की सगळे तशी पट्टी लावतात, त्यामुळे कुणाला वावगं वाटणार नाही, असा त्यांचा हिशेब. आरशात मी मलाच ओळखलं नाही.

खरं सांगायचं तर ते मागे जाणं मला आवडायला लागलं. घरात जी इरा होती ती रस्त्यावर नव्हतीच. घरात ती बूटसुद्धा माझ्याकडून घालून घ्यायची. रस्त्यावर ती स्वतःशी बोलायची, झेब्रा क्रॉसिंगच्या फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर उड्या मारायची, थंड पेयांच्या मशीनखाली वाकून कुणाचं नाणं पडलंय का बघायची. एका घराच्या कुंपणावर मांजर बसायचं, त्याला वाकून नमस्कार करून पुढे जायची. पुढच्या चौकात तिची मैत्रीण युई भेटली की दोघींची दप्तरं एकमेकींवर आपटत आपटत जायची. ताई रोज विचारायच्या, "काय काय झालं?" मी म्हणायचे, "काही नाही, सरळ गेली." मांजराबद्दल मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मांजराच्या नखांचा विषय निघाला असता.

आता माझी संगीता म्हणते, "आई, तुमच्या वेळी बरं होतं, आम्ही रानभर हिंडायचो, कोणी विचारायचं नाही." तिच्या स्वतःच्या मुलाला मात्र ती कोपऱ्यावर बिस्किटं आणायला पाठवत नाही. हे 'तुमच्या वेळी बरं होतं' मला खरं वाटत नाही. आम्ही मुलांना मोकळं सोडलं ते धीट होतो म्हणून नव्हे. मागे जायला कुणाला सवड नव्हती. आमच्या आळीतला एक मुलगा कालव्यात गेला, त्याचं नाव आता बरं होतं म्हणणाऱ्यांपैकी कुणी घेत नाही. पण इराच्या मागे चालताना असंही वाटायचं, की माझ्या पोरीने मांजराला नमस्कार केला असेल तर तो मी पाहिला नाही, आणि बहुतेक म्हणूनच तो तिचा राहिला. दोन्ही गोष्टी मनात होत्या. अजून आहेत.

माझा खरा संशय होता तो चौकातल्या म्हाताऱ्यावर. तिथे सकाळी पिवळा झेंडा घेऊन म्हातारी माणसं उभी राहतात, मुलांना रस्ता ओलांडून देतात. फुकट. हे फुकटच मला खटकायचं. हा म्हातारा उंच, वाकलेला, प्रत्येक मुलाशी काहीतरी बोलायचा, आणि इराशी जरा जास्त. मी खांबाआड उभी राहून त्याच्याकडे बघत असे, आणि कितीदा तरी तोही माझ्याकडे बघत असे. मी ताईंना सांगितलं, "तो झेंडेवाला आजोबा मला ठीक वाटत नाही." ताईंची झोप उडाली. ते बीज मीच टाकलं.

महिनाभराने, संध्याकाळी, शाळेच्या आयांच्या साखळीतून फोन आला. तिथे तशी रीत होती. शाळा एकीला कळवते, ती दुसरीला, दुसरी तिसरीला. ताईंचं जपानी तोवर चांगलं झालं होतं. त्या हाय, हाय, म्हणजे हो, हो म्हणत ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला. फोन ठेवून त्या खुर्चीवर बसल्याच.

"शाळेच्या वाटेवर कुणीतरी मुलांच्या मागे फिरतंय. रोज सकाळी."

"कोण?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही ना! तोंड झाकलेलं असतं म्हणे. बाई आहे की पुरुष तेही कळत नाही. करडा कोट, कानटोपी. झेंडेवाल्या आजोबांनी शाळेला कळवलंय."

मी भेंडी चिरत होते. करडा कोट दाराच्या मागे टांगलेला होता, मला बसल्या जागेवरून दिसत होता.

"ताई," मी म्हटलं, "करडा कोट तर माझा आहे."

ताईंनी कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, उजेड पडला. पण त्या म्हणाल्या, "छे हो मावशी! तुम्ही काय संशयित माणूस आहात? तुम्ही तर घरच्या. पण गोंधळ नको. उद्या माझा निळा कोट घाला. आणि जरा जवळून चाला. तो जो कोणी आहे तो फिरतोच आहे."

साहेब म्हणाले, "मेधा, पण तो जो कोणी आहे तो मावशीच असतील तर?"

"आणि नसतील तर? तू देतोस गॅरंटी?" त्या उठून उभ्या राहिल्या. "मी सांगते तुला, हा माणूस सापडला नाही तर मी इराला घेऊन परत जाणार. पुण्याला आईकडे ठेवीन. तू बस इथे तुझे सर्व्हर सांभाळत."

इरा तेवढ्यात दारात येऊन उभी राहिली होती. पुण्याचं तेवढं तिने ऐकलं. "मी नाही जाणार. युई इथे आहे," ती म्हणाली. मग जपानीत आणखी काहीतरी म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला शब्द कळले नाहीत, सूर कळला. इरा पुण्याला गेली तर माझाही गाशा गुंडाळला जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या पगारावर संगीताचं लग्न व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी निळा कोट घातला आणि जवळून चालले.

शाळेत आदल्या दिवशीच मुलांनाही सावध केलेलं असणार. इरा त्या दिवशी पांढऱ्या पट्ट्यांवर उड्या मारत नव्हती. मांजराकडेही तिने बघितलं नाही. कोपऱ्यावर वळताना तिने मान न वळवता डोळ्यांच्या कडेने मागे पाहिलं. मग तिचा वेग वाढला. मला वाटलं तिला कुणीतरी दिसलं, म्हणून मीही वेग वाढवला. ती पळायला लागली. मीही पळाले. कोट लांब होता, पायांत येत होता. मला खरंच वाटत होतं की पुढे कुठेतरी तो माणूस आहे आणि मला त्याच्या आधी पोहोचलं पाहिजे.

तेवढ्यात इराने दोरी ओढली.

तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. समोरून म्हातारा झेंडा उभा धरून धावत आला, तो एवढा पळू शकेल असं वाटलं नव्हतं. चित्र चिकटवलेल्या दुकानातून एक आजीबाई बाहेर आल्या आणि त्यांनी इराला आपल्या मागे घेतलं. म्हातारा माझ्या आणि इराच्या मध्ये झेंडा आडवा धरून उभा राहिला. मी तोंडावरची पट्टी ओढून काढली, टोपी काढली. "इरा, मी गं! मी!"

इरा दोरी हातात धरून माझ्याकडे बघत होती. बझर किंचाळतच होता. तो बंद कसा करायचा हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. शेवटी म्हाताऱ्यानेच दोरीच्या टोकाची निघालेली खिळी जागेवर बसवून तो बंद केला.

पोलीस सायकलवरून आला. तरुण होता, नम्र होता. त्याने माझं कार्ड मागितलं असावं. हाताने चौकोन करून दाखवत होता. परदेशी माणसाने ते कायम जवळ ठेवायचं, असा तिथला कायदा. माझं कार्ड ताईंच्या कपाटात सुरक्षित होतं. मी फक्त मान हलवत राहिले. मग तो इरासमोर गुडघ्यांवर बसला आणि हळू आवाजात त्याने तिला काहीतरी विचारलं. एवढं मला कळलं, की या बाईला ओळखतेस का, असं तो विचारतोय.

तिच्या वर्गातली मुलं रस्त्याच्या पलीकडे जमली होती. युईही होती. इराने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही आता नाही म्हणणार. लहान मुलं म्हणतात, त्यात नवल नाही.

"हाय," ती म्हणाली. मग मराठीत, रडत, माझ्याकडे वळून, "तू का आलीस माझ्या मागे? सगळे बघतायत!"

तुझ्या आईने पाठवलं, हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण शाळेने ताईंना फोन केला होता, त्या यायच्याच होत्या. म्हटलं, त्याच सांगतील.

ताई टॅक्सीने आल्या, हातात माझं कार्ड. त्या पोलिसाला वाकल्या, म्हाताऱ्याला वाकल्या, शाळेतून आलेल्या बाईंना वाकल्या आणि भराभर जपानीत बोलायला लागल्या. बोलता बोलता सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई हळू मान हलवत होत्या. म्हाताऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या आजारी माणसाकडे बघतो.

"आई काय सांगतेय?" मी इराला हळूच विचारलं.

इराने डोळे पुसले. "आई सांगतेय, तू आपणहून यायचीस. तुला शाळेचा नियम समजला नाही. तू गावची आहेस." मग ती थांबली. "खरं?"

"शाळेत जा," मी म्हटलं. "उशीर होतोय."

बाई तिला घेऊन गेल्या. म्हाताऱ्याने जाताना मला वाकून नमस्कार केला. तो माफीचा होता की इशाऱ्याचा, मला कळलं नाही. मीही वाकले.

संध्याकाळी त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. "तुमच्याजवळच ठेवा." एवढंच. पुण्याचा विषय त्यांनी काढला नाही. काढणार तरी कसा? तो माणूस सापडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरा स्वतःच बूट घालून, टोपी घालून निघाली. दार लागलं. मी भांडी घासायला घेतली. मागे चाहूल लागली म्हणून वळून बघते तर ताई दारापाशी, ऑफिसच्या कपड्यांवर दुसराच एक कोट, हिरवा, आणि हातात तोंडाची पट्टी.

"मला आज उशिरा जायचंय," त्या म्हणाल्या. "जरा दूध आणते."

"दूध आहे, ताई."

त्या बूट घालायला वाकल्या होत्या. तशाच थांबल्या. मी हात पुसत जाऊन दाराशी उभी राहिले. त्या घरात मी कधी कुणाच्या वाटेत उभी राहिले नव्हते.

"पोलीस आता तुम्हाला ओळखतो," मी म्हटलं.

बूट काढायची जागा असते तिथल्या पायरीवर त्या खाली बसल्या. एक बूट पायात, एक हातात. तिथे मूल शाळेत पोहोचल्याचा निरोप येत नाही. काही कळलं नाही म्हणजे पोहोचलं, असं धरायचं. ताईंना ते जमत नव्हतं. मलाही कुठे जमत होतं? चौक आला असेल, म्हातारा आला असेल, असं मी मनात चालतच होते.

"मावशी," ताई खाली मान घालून म्हणाल्या, "काल मी त्यांना जे सांगितलं..."

"मला जपानी कुठे कळतं, ताई," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग बूट पायातून काढला आणि ऑफिसला फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं.

दिवसभर आम्ही दोघी घरात होतो. ताईंनी कपाट आवरलं, पुन्हा आवरलं. फोन वाजला की धावायच्या. दुपारी घंटी वाजली आणि दार उघडायला आम्ही दोघी एकदमच गेलो.

इरा आत आली. दप्तर टाकलं, टोपी टाकली, "भूक लागली" म्हणाली आणि टेबलाशी जाऊन बसली. मोज्यावर माती होती. उजव्या गुडघ्याला चिकटपट्टी लावलेली होती, गुलाबी, वर सशाचं चित्र. आमच्या घरात तसली पट्टी नव्हती. आमच्या सगळ्या साध्या, तपकिरी.

"हे काय?" ताई ओरडल्याच. "कुठे पडलीस? कुणी लावलं हे?"

"दाइजोबु," इरा म्हणाली. म्हणजे, काही नाही, ठीक आहे. आणि वाटीकडे बघत बसली.

"इरा, मी विचारतेय. कोण होतं? शाळेत की वाटेत?"

इरा गप्प होती. शांत मूल म्हणजे काहीतरी चाललंय, हे मला माहीत आहे. ताईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी विचारावं. माझ्याजवळ ती नेहमी सांगायची.

मी तिला वरणभात वाढला, वर तूप घातलं.

ती पट्टी इराने आपणहून गळून पडेपर्यंत काढू दिली नाही. अंघोळीच्या वेळी पाय टबाबाहेर काढून बसायची. कुणी लावली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. दुकानातल्या आजीबाई असतील, युईची आई असेल, शाळेतल्या बाई असतील, तो म्हातारा असेल, किंवा आणखी कुणी, ज्याला मी कधी पाहिलंच नाही. आम्ही तिथून परत आलो तोवर इराने ते सांगितलं नव्हतं, आणि मला ते आजवर कळलेलं नाही.